कच्च्या वहीबद्दल

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

पहिलीचं वर्ष संपत आलं म्हणून शाळेने तुझ्या दोन्ही वह्या घरी पाठवल्या आहेत. पक्की वही घरात सगळ्यांनी पाहून झाली. समास आखलेला, अक्षर नेटकं, पानोपानी बरोबरची खूण. मी मात्र कच्ची वही घेऊन बसलो आणि तिच्यातच रमलो, म्हणून हे पत्र. वाचताना अडशील तिथे आईला विचार, नाहीतर तेवढं वाक्य सोडून पुढे जा. मोठी माणसंही बऱ्याचदा तसंच वाचतात.

सुरुवातीच्या पानांवर तुझे ३ आणि ६ सारखे एकमेकांच्या जागा घेतात. आजीला काळजी वाटली होती. खरं तर त्यात काळजीचं काही नाही. वस्तू उजवीकडे वळली काय, डावीकडे वळली काय, ती तीच असते, हे लहान मुलाच्या मेंदूत पक्कं बसलेलं असतं. कपाचा कान कुठल्याही बाजूला असो, कप तो कपच. आणि शाळेत अचानक सांगतात, की ही आकृती इकडे तोंड करून उभी राहिली तर तीन आणि तिकडे तोंड केलं तर सहा! इतकी वर्षं उपयोगी पडलेला नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवायचा, हे सोपं काम नव्हे. सहा-सात वर्षांची कितीतरी मुलं आकडे आणि अक्षरं अशी आरशातल्यासारखी काढतात आणि बहुतेकांचं ते हळूहळू थांबतं. तुझं वहीच्या मध्यावर थांबलेलं दिसतंय. खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवायला बाईंनी दिली होती ना? मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांची शाळा सुरू केली, तिथे अशी अक्षरं वापरत. डोळ्याला दोन आकृत्या सारख्या वाटल्या, तरी बोट कुठून निघालं आणि कुठे वळलं हे हाताच्या लक्षात राहतं.

पुढे एका पानावर ‘पंचवीस’ ऐकून तू ५२ लिहिलं आहेस. मला ते उत्तर फार आवडलं. पाच आधी ऐकू आले, वीस नंतर आले, आणि तू ऐकलंस त्याच क्रमाने लिहिलंस. बाईंनी फुली मारलेली नाही. शेजारी काड्यांचं चित्र आहे: दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. त्याखाली तू २५ लिहिलंस. एकोणतीस तर याहून अवघड. त्यात दोन कुठेच ऐकू येत नाही, तिसाला एक कमी हे मनातल्या मनात करायचं आणि मग २९ लिहायचं. ‘सोप्पंय की’ म्हणणाऱ्या मोठ्यांना एकदा पहिलीच्या बाकावर बसवायला हवं. पहिल्या वेलांटीचंही तसंच, म्हणायची अक्षरानंतर आणि काढायची अक्षराच्या आधी.

बोटांवर मोजायचं की नाही, यावरून घरात जो वाद झाला तो तू ऐकलास. माझं मत सांगून ठेवतो: मोज. आधी तू तीन आणि आठची बेरीज करताना तीन बोटं मोजायचीस, मग आठ मोजायचीस, मग सगळी पहिल्यापासून पुन्हा मोजायचीस. बोटं पुरायची नाहीत, मग माझी मागायचीस. आता तू आठ मनात धरतेस आणि नऊ, दहा, अकरा म्हणतेस. मोठी संख्या आधी धरली तरी बेरीज तीच येते, हे तुला घरात कुणी सांगितलेलं नाही. असे शोध बोटांशी खेळतानाच लागतात. तुझी बोटं एक दिवस आपोआप खाली येतील, ती बळजबरीने दाबण्यात काय हशील?

आता प्रदर्शनाबद्दल. सभागृहात बरीच मोठी प्रतिकृती-मंडळी होती, ज्वालामुखी, धरण, फिरणारे ग्रह. त्यातली पुष्कळशी माझ्यासारख्या आईबाबांनी रात्री जागून चिकटवलेली होती, हे कडांवरूनच कळत होतं. तुमच्या वर्गाच्या टेबलावर फक्त काचेच्या बरण्या. टीपकागद, ओला कापूस आणि काच यांच्यामध्ये घेवड्याचं एकेक बी. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ उभा होतो. आधी मूळ खाली गेलं, मग वाकलेला कोंब वर आला, हे एकही पुस्तक न उघडता दिसत होतं. एक बरणी तुम्ही कपाटात अंधारात ठेवली होती आणि तिथलंही बी उगवलं, कारण पहिल्या दिवसांचं अन्न बियातच भरलेलं असतं. रोप मात्र लांबलचक आणि पिवळट झालं, कारण पुढचं अन्न करायला त्याला उजेड लागतो. मागच्या भिंतीवर रोज रोपाच्या उंचीएवढी कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली होती, आणि पट्ट्या ओळीने लागल्यावर कुठल्या दिवशी रोपाने उडी मारली आणि कुठल्या दिवशी ते रेंगाळलं, ते लांबूनही कळायचं. पुढच्या इयत्तांमध्ये याला स्तंभालेख म्हणतील. घाबरू नकोस, तू तो आधीच काढलेला आहेस.

आणि तुझी बरणी. तू रोज मायेने पाणी ओतत राहिलीस आणि बी बुडालं. बियाला पाणी हवं तशी हवाही हवी, नाहीतर ते कुजतं. बाईंनी ती बरणी मागे लपवली नाही. तुझ्याकडूनच पाटी लिहून घेतली: ‘उगवले नाही. पाणी जास्त झाले.’ मला विचारशील तर सभागृहातली सगळ्यात चांगली पाटी तीच होती, कारण काय घडलं आणि का घडलं, दोन्ही तिच्यावर होतं. धरणाजवळ नुसतं ‘धरण’ लिहिलेलं होतं.

स्नेहसंमेलनाचं मात्र मला तितकंसं कौतुक नाही. तुझा नाच मी पाहिला, टाळ्याही जोरात वाजवल्या. पण तीन-चार मिनिटांच्या नाचासाठी इतके दिवस तासांना सुट्टी द्यायची आणि मागच्या रांगेतल्या मुलांना फक्त ‘हलू नका’ एवढंच शिकवायचं, हा सोहळा मुलांपेक्षा आम्हा पालकांसाठीच असतो. (आई म्हणते, मी किरकिरा आहे. असेन.) क्रीडादिनाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिंबू पडलं, तू ते उचलून चमच्यात ठेवलंस आणि चालू लागलीस.

शनिवारी पालकसभा आहे. या वेळी वही बाई दाखवणार नाहीत, तू स्वतः दाखवायचीस आणि आम्ही ऐकायचं, असं चिठ्ठीत लिहिलं आहे. कुठली तीन पानं दाखवायची ते तू ठरव. त्यातलं एक तरी खाडाखोडीचं असू दे, आणि तिथे आधी काय वाटलं होतं आणि मग काय बदललं, ते सांग. मी मध्ये बोलणार नाही. बोललोच, तर आईला मला कोपर मारायला सांगून ठेवलं आहे.

तुझा,
बाबा