पुढच्या करारात पुरवठादाराचा प्रेसही घ्या

मा. संपादक,
स. न.

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या वाहन कारखान्यात वेतन करार झाला की हारतुऱ्यांचा फोटो आणि दरमहा वाढीचा आकडा छापून येतो. यावाच, बरीच घासाघीस करून पदरात पडलेली वाढ असते ती. पण त्याच गाडीचे ब्रॅकेट, क्लॅम्प, बिजागऱ्या भोसरी, तळवडे, कुरुळीच्या ज्या शेडमध्ये ठोकल्या जातात तिथे बोटे तुटतात, त्याची बातमी सहसा होत नाही. मोठ्या कारखान्यातल्या युनियनने पुढच्या मागणीपत्रात पुरवठादाराच्या पॉवर प्रेसच्या (साच्यात पत्रा ठोकणाऱ्या यंत्राच्या) सुरक्षेचे कलम घालावे, ही आमची मागणी आहे.

छोट्या शेडमध्ये जुने सी-फ्रेम प्रेस अजून सर्रास चालतात, 10 टनांपासून 100 टनांपर्यंत दाबाचे. त्यांतल्या बऱ्याच प्रेसना की-क्लच असतो. पॅडल दाबले की चावी फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, अडकते आणि रॅम, म्हणजे वरून ठोकणारा भाग, पूर्ण फेरी मारूनच वर थांबतो. मध्येच थांबवायची सोय त्यात नाही. चावीची स्प्रिंग तुटली, लॅच झिजला किंवा ब्रेकच्या पट्ट्यावर तेल गेले, तर रॅम वर थांबत नाही. पॅडलला पाय न लावता पुन्हा खाली येतो. शॉपमध्ये याला ‘डबल मारली’ म्हणतात. नेमका तेव्हाच ऑपरेटरचा हात ठोकलेला जॉब (तुकडा) काढायला डायमध्ये (साच्यात) गेलेला असतो. रजिस्टरमध्ये मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून मोकळे होतात.

ऑडिट जवळ आले की अशा प्रेसवर सेन्सरचा पडदा, म्हणजे आत येणारा हात ओळखणारी किरणांची रांग, बसवतात. पिवळे खांब दिसतात, दिवा लागतो, पाहणाऱ्याचे समाधान होते. पण फेरी सुरू झाल्यावर हा प्रेस थांबतच नाही, तर पडद्याने हात पाहून करायचे काय? की-क्लचला खरा इलाज म्हणजे डायभोवती बंदिस्त पक्के गार्ड: पट्टी आत सरकेल एवढीच फट, बोट शिरता कामा नये. जॉब उतरत्या चुटवरून खाली पडावा किंवा हवेच्या झोताने उडावा. एकेक तुकडा हाताने ठेवावा लागत असेल, तर गार्ड बंद झाल्याशिवाय चावी अडकू नये आणि रॅम वर थांबेपर्यंत गार्ड उघडू नये, असे इंटरलॉक हवे.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक क्लच-ब्रेकचा प्रेस मधेच थांबू शकतो, तिथे पडदा कामाचा. पण त्याचेही गणित आहे. हात सेकंदाला 2000 मिमी वेगाने आत येतो असे धरून त्याला थांबण्याच्या वेळेने गुणायचे. सेन्सरने हात ओळखण्यापासून रॅम थांबेपर्यंत 0.2 सेकंद लागत असतील, तर 14 मिमीचा (म्हणजे 14 मिमी जाडीची वस्तूही ओळखणारा) पडदा डायपासून किमान 400 मिमी दूर हवा; 30 मिमीचा असेल तर 500 मिमी. जागा नाही म्हणून तो 150 मिमीवर बसवला तर तो शोभेचा. ब्रेकचे लायनिंग झिजत जाते तसा थांबायचा वेळ वाढतो, म्हणून ही मोजणी ठराविक काळाने पुन्हा व्हायला हवी.

दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून दिलेल्या दोन हातांच्या बटणांचीही तीच गत. एक बटण रबराने बांधून कायम दाबलेले ठेवले की दुसरा हात मोकळा. याचा बंदोबस्त सर्किटमध्येच करता येतो: दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही. पलीकडून जॉब काढणारा हेल्पर असेल तर त्याच्यासाठी बटणांची वेगळी जोडी लागते. ती आम्ही क्वचितच पाहिली. डाय बदलताना मोटर बंद केली म्हणजे झाले, हाही गैरसमज. फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते आणि पॅडलवर चुकून पाय पडला तर एक स्ट्रोक सहज बसतो. चाक पूर्ण थांबू द्यावे, रॅमखाली टेकू द्यावा, मग हात घालावा.

पुरवठादाराला हे ठाऊक नसते असे नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्या आणि 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, मागणी वाढली, शेड्यूल वाढले. प्रेस मात्र तेच. गार्डमुळे तासाला स्ट्रोक कमी पडतात, मग डाय बसवणारा सेटरच पान्याने गार्ड काढून भिंतीला टेकवतो. मोठ्या कंपनीचा माणूस पुरवठादाराकडे येतो तो पत्र्याच्या कडेचा बर मोजतो, भोकाचा व्यास तपासतो, पीपीएपीची (सुट्या भागाच्या मंजुरीची) फाइल चाळतो. रॅम थांबायला किती मिलिसेकंद लागतात हे विचारत नाही. विचारले तर उत्तर लगेच मिळेल, कारण ऑर्डर तिथूनच येते.

सरकारी तपासणीवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. 1948 च्या मूळ कारखाना कायद्यात वीज वापरणारी 10 कामगारांची जागा कारखाना ठरत होती. आता ती मर्यादा 20 आहे. चार प्रेस आणि 14 माणसांचे शेड कारखान्यांच्या यादीबाहेर राहील, आस्थापनांना लागू असणाऱ्या सर्वसाधारण तरतुदी तेवढ्या राहतील. सुरक्षा समितीची सक्ती साधारणपणे 500 कामगारांपासून पुढे. एक तरतूद चांगली आहे: नियम मोडल्याने गंभीर दुखापत होऊन मालकाला दंड झाला, तर त्यातली किमान निम्मी रक्कम जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण त्यासाठी खटला उभा राहावा लागतो, आणि त्याच्याही आधी अपघाताची नोंद व्हावी लागते.

ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या भरपाईचा, हिशोब तर प्रत्येक कामगाराने एकदा मांडून पाहावा. नोंदलेली सरासरी मजुरी रोज 500 रुपये धरा. तिचे 90 टक्के म्हणजे 450. तर्जनीची दोन पेरे गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईक्षमतेचे नुकसान 11 टक्के. म्हणजे रोज 49 रुपये 50 पैसे, महिन्याला साधारण 1,485 रुपये. अख्खी तर्जनी 14 टक्के, अंगठा 30, एका हाताची चारही बोटे 50. खरी मजुरी 700 असताना ठेकेदाराने 500 दाखवली असेल, तर तो तोटा जन्मभराचा. ईएसआय लागू असताना त्याच दुखापतीसाठी नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली मालकाकडे वेगळा दावाही करता येत नाही. आणि कित्येकांची नोंदणीच बोट तुटल्यावर, त्याच दिवशी होते. रुजू झाल्याची आणि अपघाताची तारीख एकच, हा योगायोग किती वेळा मान्य करायचा?

हरियाणात मानेसर-गुडगाव पट्ट्यात जखमी वाहन कामगारांबरोबर काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे अहवाल 2019 पासून येत आहेत. त्यांतही पॉवर प्रेसच मुख्य आरोपी.

‘ते आमचे सभासद नाहीत’ असे काही पदाधिकारी म्हणतात. बरोबर आहे. पण आज बाहेर गेलेली कित्येक प्रेसची कामे पूर्वी मोठ्या कारखान्यांच्या आवारातच होत होती आणि युनियनचे सभासदच ती करत होते. काम बाहेर गेले ते तुमच्याच करारांच्या काळात. तेव्हा मागणीपत्रात निदान इतके यावे: पुरवठादारांच्या प्रेसची यादी, टनेज, क्लचचा प्रकार आणि गार्डसह, युनियनला मिळावी. की-क्लच प्रेसवर गार्डशिवाय हाताने जॉब भरणे ठरावीक तारखेपासून बंद व्हावे. गार्ड आणि चुटचा खर्च सुट्या भागाच्या दरात वेगळा धरावा, नाहीतर पुरवठादार तो ठेकेदाराच्या बिलातून कापेल आणि ठेकेदार मजुरीतून. पुरवठादाराने अपघात 24 तासांत कंपनीला व युनियनला कळवावा. मात्र कळवला म्हणून त्याची ऑर्डर तोडू नये. तोडली तर पुढचा अपघात कुणीच कळवणार नाही. ऑडिटला टूलरूमचा एक कामगार युनियनतर्फे जावा, आणि तोही रात्रपाळीला. दिवसा सगळी गार्ड जागेवर असतात.

हे होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक शेडच्या प्रथमोपचार पेटीवर एक सूचना तरी चिकटवावी. तुटलेले बोट थेट बर्फात टाकू नये, त्याने पेशी मरतात. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावे, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी आणि जखमीबरोबरच न्यावी. बरोबर ईएसआयचा नंबर असलेला कागदही द्यावा, म्हणजे दाखल करताना खोळंबा होणार नाही.

आपले,
प्रेस टूल विभागात काम केलेले काही कामगार,
भोसरी