न उडणाऱ्या सोंडकिड्यांचे काय?

महोदय,

डोंगरावरच्या सोंडकिड्यांची 'पाहणी पूर्ण' झाल्याची बातमी आपल्या कालच्या अंकात वाचली. साधने कोणती, तर दिव्याचा सापळा आणि हातजाळे. अभिनंदन! म्हणजे उडणारे तेवढे मोजून झाले. उंचावरच्या जंगलात पुष्कळ सोंडकिड्यांना उडताच येत नाही. वरचे कठीण पंख एकमेकांना घट्ट जुळलेले आणि खालचे खुंटलेले असतात. ते काय दिव्यापर्यंत चालत येणार? आणि एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाता न आल्यामुळे जागोजागी वेगळ्या जाती तयार होतात त्या यांच्यातच. ट्रिगोनोप्टेरस या न उडणाऱ्या वंशाच्या न्यू गिनीतून २०१३ मध्ये १०१ आणि सुलावेसीतून २०१९ मध्ये १०३ नव्या जाती नोंदल्या गेल्या, त्या पालापाचोळा चाळून आणि झाडोरा झोडपून.

चाळणे म्हणजे काय, तेही सांगतो. प्रत्येक उंचीवर एकेक चौरस मीटरचे सारखेच तुकडे घ्यायचे, नाहीतर तुलना करायची कशाची? पाचोळा जाड चाळणीतून गाळून उरलेला चुरा जाळीच्या पिशव्यांत सैल भरायचा आणि त्या विंकलर पिशवीत, म्हणजे तळाशी बरणी बांधलेल्या मोठ्या कापडी पिशवीत, निदान ४८ तास टांगायच्या. चुरा सुकू लागला की किडे बाहेर निघून खालच्या अल्कोहोलच्या बरणीत पडतात. दमट हवेत तो सुकतच नाही, तेव्हा जास्त वेळ द्यावा लागतो. पिशवीला धक्का लागला, तर बरणीत निव्वळ माती.

झोडपतानाही घाई चालत नाही. फांदीखाली पांढरे कापड धरून एकच जोरदार ठोका द्यावा. हळूहळू हलवले तर किडा फांदी आणखी घट्ट धरतो. खाली पडला की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो, अगदी वाळके बी. कापड लगेच झटकणारे त्यालाच झटकून टाकतात. दोन मिनिटे थांबले तर काय बिघडते?

यानंतर नमुने ओळखायला आमच्यासारख्यांकडे येतात आणि बरणीवर चिठ्ठी असते, 'डोंगर, मिश्र'. उंची नाही, झाड नाही, पायथ्याचे आणि माथ्याचे किडे एकत्र! तीही बॉलपेनने लिहिलेली, म्हणजे अल्कोहोल सांडला की शाई गेली. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाकायची असते. अनेक जाती बाहेरून सारख्याच दिसतात; नराचे जननांग सोडवून पाहिल्याशिवाय नाव देता येत नाही. अशा 'मिश्र' बरणीवर इतकी मेहनत करून अखेर नाव मिळाले, तरी ती जात कुठल्या उंचीवरची हे कोणाला सांगता येणार?

जाता जाता, बातमीसोबत छापलेला फोटो सोंडकिड्याचा नाही. त्याला सोंड नाही आणि शरीराहून लांब, सरळ मिशा आहेत. तो लांबशिंगी भुंगेरा आहे. सोंडकिड्याच्या मिशा बहुधा सोंडेवरून निघतात आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. निदान फोटोखालची ओळ तरी दुरुस्त करून छापा.

– एक वाचक