माळावर झाडे नकोत, साहेब!

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरातल्या जागतिक जैवविविधता परिषदेत भारताने सुधारित राष्ट्रीय जैवविविधता कृती आराखडा मांडला. त्यातल्या २३ लक्ष्यांपैकी एक असे, की बिघडलेल्या परिसंस्थांपैकी ३० टक्के तरी २०३० पर्यंत पुन्हा सावरायला घ्यायच्या. ते काम राज्यात आपल्या खात्याकडेच येणार. म्हणून आधीच सांगतो: इंदापूर, बारामती, दौंडपासून सोलापूरपर्यंतच्या माळांवर कृपा करून रोपे लावू नका.

हे माळ मुळात जंगल नव्हतेच. पाऊस कमी, माती वीतभर, खाली मुरूम. तिथे पवन्या, मारवेल, कुसळी उगवते, आणि त्या गवताच्या जिवावर चिंकारा, खोकड, धाविक, चंडोल जगतात. लांडगा ओढ्याच्या दरडीत बीळ करून पिल्ले घालतो. माळढोक तर उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. चहूबाजूंनी दूरवर दिसले तरच तिला तिथे निर्धास्त बसता येते. अशा जागी जेसीबीने सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब खंदक) मारले आणि बांधावर गिरिपुष्पाची परदेशी झाडे लावली, की कागदावर हिरवळ वाढते आणि माळ संपतो. शिवाय एकदा फोडलेला मुरूम पुन्हा गवत धरायला वर्षानुवर्षे घेतो.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटरवरून १,२२२ वर आले. ते आटोपशीर झाले, याबद्दल तक्रार नाही. शेतकऱ्यांचे हाल कमी झाले. पण माळढोकही जवळजवळ नाहीसे झाले.

कडबनवाडी आणि शिरसुफळला आपल्याच खात्याने गवताळ सफारी सुरू केली, तेव्हा माळाचे मोल खात्याला कळत नाही असे म्हणवत नाही. अडचण उद्दिष्टाच्या रकान्यात आहे. वनरक्षकाला वर्षाअखेर किती रोपे जगली हे विचारतात, किती माळ राखला हे कोणी विचारत नाही. भरपाई वनीकरणाचा (दुसरीकडे गेलेल्या वनजमिनीच्या बदल्यात झाडे लावण्याचा) पैसाही मोकळी जमीन शोधत माळावरच येतो.

तेव्हा वनविभागांच्या कार्य आयोजनेत, म्हणजे पुढच्या काही वर्षांच्या कामाच्या आराखड्यात, गवताळ क्षेत्रे वेगळी दाखवा आणि तिथला निधी देशी गवताचे बी पेरायला, विलायती बाभूळ काढायला वापरा. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांना चराईच्या पाळ्या ठरवताना बैठकीला बोलवा. कोणत्या ओढ्यात लांडगीण व्याली हे त्यांना आपल्या कॅमेऱ्यांआधी कळते. आणि यंदाच्या लागवडीच्या याद्यांतून माळाचे गट पावसाळ्याआधी वगळा, कारण खड्डे उन्हाळ्यातच खणले जातात.

आपला,
पुणे जिल्ह्यातील एक माळकरी