मगरीची वाळू, तिबोटी खंड्याची दरड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वीच्या गाळउपशाची चर्चा पूर आणि खर्च यांपुढे सहसा जात नाही. चिपळूणच्या वाशिष्ठीसारख्या नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठात मगर आणि तिबोटी खंड्या हे दोघेही अंडी घालतात. तीन-चार मीटरचे धूड आणि १३ सेंटिमीटरचा, वीस ग्रॅमही जेमतेम भरणारा पक्षी! तरीही आज हयात असलेल्या प्राण्यांत मगरीचे जवळचे नातलग पक्षीच. घोरपड बरीच दूरची.

मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावरच्या वाळूत हातभर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते. उबवण्याचे काम उन्हाचे. खड्ड्यातले तापमान ३१ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर माद्याच निपजतात, ३२.५च्या आसपास बहुतेक नर. त्यामुळे वरची वाळू खरवडली किंवा सावलीचे झाड तोडले, तर शाबूत अंड्यांचाही हिशेब बिघडतो. दोनेक महिन्यांनी आई खड्डा उकरून पिल्ले तोंडात धरून पाण्यात नेते.

तिबोटीची वीण जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. ओढ्याच्या किंवा रस्त्याकडेच्या उभ्या दरडीत जोडी बोगदा कोरते, कधी मीटरभर लांब. अंडी ३ ते ७. उबवायला सुमारे १७ दिवस, पिल्ले उडायला आणखी तीनेक आठवडे. पिल्लांना भरवायला सापसुरळ्या आणतात, म्हणजे इथे सरपटणाराच पक्ष्याच्या चोचीत.

खोदताना अंडी निघाली की लोक दयेने बादलीत भरतात, आणि तिथेच घात होतो. पक्षी आपली अंडी स्वतःच फिरवत राहतो. मगरीच्या अंड्यात मात्र पहिल्या दिवसभरात गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि नंतर अंडे उलटले की मरतो. काम थांबवावे, वाळू हलक्या हाताने परत लोटावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. हलवायचेच ठरले, तर वरच्या बाजूला पेन्सिलची खूण करून, न फिरवता उचलण्याचे काम त्यांचे.

दोघांचीही वीण टळेल असा काळ म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी. निविदा मात्र अशा निघतात की पोकलेन एप्रिल-मेमध्येच काठावर उतरतो. शिवाय अंदाजपत्रकात सरसकट उतार आणि दगडी पिचिंग (उतारावर दगड बसवणे) धरलेले असते. जिथे घरांना धोका नाही तिथे दीड-दोन मीटर उंचीची कच्ची दरड उभीच ठेवावी, आणि वाळूचा काठ दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी उपसू नये.

– काही वाचक, चिपळूण