कोकणातल्या वाड्यांना लोकसंख्येचा निकष कसा पुरणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे आरोग्य उपकेंद्र द्या, नर्स द्या म्हटलं की दरवेळी एकच उत्तर येतं, निकषात बसत नाही. निकष काय, तर सपाट भागात ५ हजार माणसांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात ३ हजारांमागे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजारांमागे, डोंगराळ असेल तर २० हजार. कागदावर ठीक दिसतं हो. पण घाटावर ३ हजारांचं गाव म्हणजे एका पाराभोवती वसलेलं गाव, आणि इथे ३ हजार माणसं जमवायची तर तीन-चार गावांच्या वाड्या धुंडाळाव्या लागतात, एक वाडी सड्यावर म्हणजे वरच्या कातळी माळावर, एक खाडीच्या काठाला, मधे दोन पऱ्हे म्हणजे ओढे आणि एक साकव, तोही पावसात टिकला तर टिकला.

त्यात आमची डोकी कमीच होत चाललीत. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होता, २०११ ला १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्गही घटला. बापये मुंबईला, त्यामुळे २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. म्हणजे गावात उरलं कोण, तर बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. ज्यांना दवाखाना जास्त लागतो तेच मागे राहिलेत आणि माणसं कमी म्हणून दवाखाना कमी, हे कुठलं गणित?

मी एसटीत कंडक्टर होतो, राजापूर-लांजा भागातल्या वस्तीच्या गाड्यांवर बरीच नोकरी झाली. गरोदर बाई तपासणीला निघते तेव्हा तिचा दिवस कसा जातो हे मी तिकीट फाडताना बघितलंय. सकाळची गाडी चुकली तर ओपीडी संपल्यावर पोचायचं, आणि वेळेत पोचली तरी परतीची गाडी दुपारनंतर, तोवर स्टॅंडच्या बाकड्यावर. घरी गुरं, म्हातारी सासू, अंगणवाडीतून येणारं मोठं पोर. मग पुढच्या महिन्यात ती येत नाही, आणि रजिस्टरला काय शेरा पडतो तर लाभार्थी उदासीन. उदासीन कसली, गाडीच नाही! दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते, चांगली योजना आहे, पण त्या एका दिवसापुरती तरी एसटी आणि आरोग्य खात्याने एकत्र बसून गाडीची वेळ जुळवावी एवढंही कोणाला सुचत नाही.

आता बाळंतपणाचं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, सिझर, रक्त, सगळं फुकट, न्यायला-सोडायला गाडीसुद्धा. १०२ आहे, १०८ आहे. फोन लागला तर गाडी येते, नाही म्हणत नाही मी. पण ती येते डांबरी रस्त्यापर्यंत. पुढे वाडीतून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पायवाटेने, खाली आणायचं तर चार माणसं आणि डोली लागते, आणि चार धडधाकट माणसं वाडीत असतात ती फक्त गणपतीत नि शिमग्याला. त्यानंतर केंद्रावर पोचलो तर डॉक्टर म्हणणार रत्नागिरीला न्या, राजापुरातून ते साठ-पासष्ट किलोमीटर, नाहीतर अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर, आणि पावसात घाटात दरड आली की तेही बंद. तिकडे सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात धावतात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. बाळंतपणानंतर जास्त रक्त जायला लागलं तर दोन तासांत बाई हाताची जाऊ शकते असं डॉक्टरच सांगतात, मग निकष लोकसंख्येचा का, तासांचा का नाही? वाडीतून सिझर होणाऱ्या दवाखान्यापर्यंत पावसाळ्यात किती वेळ लागतो हे बघून नकाशा काढा की एकदा.

आणखी एक, ज्याबद्दल कोणी बोलतच नाही. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, चिरेखाणीवर कर्नाटकातली, वीटभट्ट्यांवर कातकरी. बायका-पोरांसकट. मतदार यादीत नाहीत, गावच्या लोकसंख्येत नाहीत, म्हणजे निकषातही नाहीत. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला लस द्यायची तर पहिला डोस इथल्या बागेत, दुसऱ्याच्या वेळी कुटुंब भलतीकडेच. आमच्या आशाताई स्वतःहून बागेत जाऊन पोरं शोधतात, पण हजार माणसांमागे एक आशा असं धरलेलं असतं त्यात ही पोरं मोजलेलीच नसतात, म्हणजे ते चालणं फुकटचं. आंब्याच्या पेट्या मोजायला माणूस ठेवता येतो, तर बागायतदार आणि खाणमालकाने कामाला कुटुंब आणल्यावर ग्रामपंचायतीला एक यादी द्यायला काय हरकत आहे? (बागायतदार रागावतील माझ्यावर, रागावू देत.) आमच्या स्वतःच्या लेकीसुनांचंही तेच, दवाखान्यात नाव घातलं नालासोपाऱ्यात, बाळंतपण माहेरी आणि लस सासरी, कार्ड कुठल्या पिशवीत आहे कोणाला माहीत.

नवी मेडिकल कॉलेजं झाली, आनंद आहे, पण ती जिल्ह्याच्या गावी. मला वाटतं त्याहून स्वस्तात एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे. गडचिरोली, मेळघाटकडे माहेरघर म्हणून योजना चालते, दिवस भरत आलेली बाई बाळंतपणाच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्रापाशी येऊन राहते, सोबत घरचं माणूस, जेवणाची सोय. आम्ही आदिवासी जिल्हा नाही, मान्य, पण जून ते सप्टेंबर आमच्या सड्यावरच्या वाड्या काय वेगळ्या असतात? निदान पावसाळ्यापुरती ही सोय राजापूर, लांजा, संगमेश्वर, वैभववाडीसारख्या तालुक्यांत सुरू करावी, पालकमंत्र्यांनी आणि जिल्हा परिषदेने मनावर घ्यावं. जागा नाही असं मात्र सांगू नये. किती तरी केंद्रांच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या खोल्या वर्षानुवर्षं कुलूप लावून पडल्यात, कौलं परतली आणि नळाला पाणी आणलं की दोन-चार खाटा सहज बसतील.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी