गच्चीवरचे सौरबंब हिवाळ्यात तरी चालू हवेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिक-निफाड पट्ट्यातील थंडीच्या बातम्यांत द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्या आणि उतरलेला पारा यांचीच चर्चा होते. त्याच दिवसांत घराघरांत वीज कशावर खर्च होते, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे खोली तापवण्याची वेळ क्वचितच येते, वीज खाते ते आंघोळीचे पाणी. वीस लिटरची एक बादली १८ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो. चार माणसांच्या घरात रोज प्रत्येकी एक बादली धरली, तरी महिन्याला ६० युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटनंतरचा टप्पा बराच महाग असल्याने, एरवी शंभराच्या आत राहणारे कुटुंब हिवाळ्यात नेमके या पाण्यापायी वरच्या दरात जाते.

याला उपाय नाही असे नाही, आणि खेदाची गोष्ट ही की तो अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर आधीच बसवलेला आहे. बांधकाम परवानगीच्या अटींमुळे अनेक नव्या इमारतींवर सौर जलतापन यंत्रणा बसते. पण पूर्णत्वाचा दाखला मिळाला की तिच्याकडे कोणी फिरकत नाही. आमच्या परिसरातील गच्च्यांवर फुटलेल्या नळ्या, गंजलेले सांगाडे आणि धुळीने माखलेल्या टाक्या मी पाहतो, तेव्हा सदनिकेच्या किमतीतून आपणच भरलेला हा पैसा असा उन्हात वाया जाताना पाहून वाईट वाटते.

वास्तविक यातील बहुतेक बिघाड किरकोळ असतात. काचेच्या दुपदरी नळ्यांमधील दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे शोषलेली उष्णता बाहेर पडत नाही. नळीच्या टोकाशी आतून चंदेरी मुलामा असतो. नळीत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो, आणि तेवढीच नळी बदलली की काम भागते. ही तपासणी करायला कारागीरही लागत नाही, कोणीही सभासद गच्चीवर जाऊन नुसत्या डोळ्यांनी पाहू शकतो. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत नळ्यांत आणि टाकीत क्षार साचून पाणी कोमट येऊ लागते, तेथे वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या सुमारास, यंत्रणा स्वच्छ करून घ्यावी. गच्चीपासून खालच्या मजल्यांपर्यंतच्या उघड्या नळांवर उष्णतारोधक वेष्टन नसेल, तर वर तापलेले पाणी वाटेतच निवते आणि तळमजल्यावरचे लोक ‘सोलरला पाणीच गरम येत नाही’ म्हणून गिझर लावतात. सुरुवातीचे गार पाणी मोरीत सोडून न देता बादलीत धरून विसण म्हणून वापरले, तर पाणीही वाचते. आणखी एक चूक सर्रास होते: ढगाळ दिवसांसाठी टाकीत बसवलेली विजेची कॉइल बारा महिने सुरूच राहते. पहाटे टाकी विजेनेच तापलेली असेल, तर दिवसभराच्या उन्हाला काही कामच उरत नाही.

घर उबदार राखण्याचे काम त्या मानाने स्वस्त आहे. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येते. तेवढा वेळ पडदे सारून ठेवावेत, सूर्यास्तापूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात, सरकत्या तावदानांच्या फटींना रबरी पट्टी लावावी आणि गार फरशीवर सतरंजी अंथरावी. वृद्धांसाठी जाड गोधडी आणि पायमोजे यांनी बरेच भागते. परंतु दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे किंवा हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला सावध होण्याची संधीच मिळत नाही. हे घराघरांत, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणाऱ्यांना, आवर्जून सांगितले पाहिजे.

महापालिकांना माझी कळकळीची विनंती आहे की, सौर यंत्रणा बसवली की नाही एवढेच न पाहता ती चालू आहे की नाही, याची दर वर्षी ऑक्टोबरमध्ये सोसायट्यांकडून लेखी माहिती घ्यावी. सौर यंत्रणेसाठी मालमत्ता करात सवलत दिली जात असेल, तेथे ती या माहितीशी जोडावी. गृहनिर्माण संस्थांनीही वार्षिक देखभालीच्या खर्चात लिफ्ट आणि पंपाबरोबर सौरबंबासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय सभासदांनी स्वतःहून मांडावा.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक