कोशात नाही, असे म्हणायला शिकवताना

बर्लिन,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. आई दर फोनवर विचारते त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते: वेळेवर जेवते, पुरेशी झोपते आणि कानटोपी घालते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र फोनवर नीट देता आले नाही. ‘यंत्रालाच सगळे येत असेल, तर तुझ्या शब्दकोशाला आणि तुला कोण विचारणार?’ असे तुम्ही म्हणालात आणि मी चिडून फोन ठेवला. त्याचे दोन दिवस वाईट वाटत राहिले, म्हणून हे पत्र.

बाबा, यंत्राला सगळे येत नाही. सगळे येत असल्यासारखे ते बोलते. हे एआय सहायक वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत उत्तर देतात. त्यामुळे रोजच्या शब्दाचा अर्थ ते बहुधा बरोबर सांगतात, पण एखादा जुना किंवा बोलीतला शब्द विचारला, की तितक्याच ठामपणे अर्थ रचूनही देतात. कोश न उघडताच हात वर करणारी मुले तुमच्या वर्गात असत, त्यांचाच हा भाऊ. त्याच्या हातात कोश देणे हे माझे काम. आम्ही सहायकाला एक साधन जोडून देतो आणि सोबत लिहून देतो, की हे कशासाठी आहे, याला काय द्यायचे आणि याच्याकडून काय मिळेल. प्रश्न आला की सहायक शब्द लिहून मागणी करतो, मधला प्रोग्राम ती ऑनलाइन कोशापर्यंत नेतो, नोंद घेऊन येतो आणि मग सहायक उत्तर लिहितो. पूर्वी प्रत्येक सहायकासाठी निराळी जोडणी करावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली, तेव्हापासून एकदा केलेले काम अनेक ठिकाणी चालते.

जोडणी आठवड्यात झाली. महिने गेले ते त्यानंतर. माणूस ‘गेला’ विचारतो आणि कोशात ‘जाणे’ असते, तसेच आमच्या जर्मन कोशात ‘गिंग’, म्हणजे गेला, विचारले तर ‘गेएन’, म्हणजे जाणे, उघडावे लागते. जर्मनमधला ‘बांक’ हा बसायचा बाकही आहे आणि पैशांची बँकही, शिवाय दोहोंची अनेकवचने वेगळी, त्यामुळे पहिली सापडलेली नोंद आणून भागत नाही. सर्वांत मोठी डोकेदुखी शब्द न सापडण्याची. कोशाकडून रिकामे उत्तर आले, की सहायक ती जागा स्वतःच्या मनाने भरून टाकत असे. आता रिकामे उत्तर न धाडता आम्ही स्पष्ट वाक्य पाठवतो: ‘ही नोंद या कोशात नाही; जवळचे शब्द पुढीलप्रमाणे.’ त्याने बराच फरक पडला, तरी अजूनही तो कधी कधी कोशाकडे न जाताच बोलून मोकळा होतो. तेव्हा तुमच्या लेकीची नोकरी शाबूत आहे.

थंडीबद्दल आईला सांगा, की थंडीपेक्षा इथल्या माणसांचेच नवल वाटते. कोशाच्या याच कामावर बैठक रंगात आली असताना, बाहेर बर्फ असताना, कोणीतरी शांतपणे उठते आणि खिडकी सताड उघडते. फट ठेवलेली चालत नाही. हीटर बंद करून पाच मिनिटे पूर्ण उघडायची आणि पुन्हा लावायची. याला ‘ल्युफ्टन’ म्हणतात. माझ्या घरभाड्याच्या करारातही ते लिहिलेले आहे, कारण बंद घरातल्या दमट हवेने भिंतींना बुरशी धरते, आणि थोडा वेळ पूर्ण उघडले तर भिंती गार न होता हवा बदलते. मला सर्दी झालेली नाही. झाली होती ती दुसऱ्या कारणाने.

मागच्या रविवारी ग्रिम बंधूंच्या कबरी पाहून आले. त्यांनी १८३८ मध्ये हाती घेतलेल्या जर्मन कोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला, दोघांपैकी याकोब १८६३ मध्ये वारला तेव्हा काम ‘फ्रुख्ट’, म्हणजे फळ, या शब्दापर्यंत आले होते आणि कोश पुरा व्हायला १९६१ उजाडले. तिथे तुमचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आठवला. त्याची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे आणि ती तुमच्या फोनवरच्या सहायकाला जोडून देईन, असे मी दिवाळीत कबूल केले होते. ते झालेले नाही. अडचण खरीच आहे, ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो आणि यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पण जर्मन कोशासाठी मी रात्री जागते आणि तुमच्यासाठी सवड काढली नाही, हेही खरेच. तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिलेले वाईकडचे शब्द तर कोणत्याच सर्व्हरवर नाहीत. अमोलला त्या पानांचे फोटो पाठवायला सांगा.

साठ हजार रुपये बुधवारपर्यंत जमा होतील. ते मोतीबिंदूसाठीच आहेत, अमोलच्या साखरपुड्याच्या खर्चात घालू नका. त्याचे वेगळे पाठवते. साखरपुड्याला मला येता येणार नाही, कारण निवास परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख त्याच आठवड्यात मिळाली आहे. अमोलशी मी बोलले. तो ‘असू दे’ म्हणाला, जरा लवकरच म्हणाला. धाकट्याचे आधी ठरले म्हणून आत्याने काय बोलायचे ते बोलू दे. कराडच्या स्थळाची पत्रिका नको, मुलाचा नंबर पाठवा, बोलेन, एवढेच.

वैशाखात लग्नाला नक्की येते. तिकीट काढले आहे. परतीचे बाराव्या दिवसाचे आहे, तेवढे वाक्य आईला वाचून दाखवू नका.

आपली,
मनू